अंदाज आधी, भोक नंतर: रेणूंच्या आकारांचा लाकडी संच, कामाच्या नोंदी

अकरावीच्या रसायनशास्त्राच्या वर्गासाठी २१ रेणूंचा संच. इलेक्ट्रॉन जोड्या एकमेकींना दूर ढकलतात, एवढ्या एका नियमावरून आकार सांगायचा आणि मग तो हातात घेऊन बघायचा. बाजारातल्या तयार संचात कार्बनच्या गोळ्याला १०९.५° ची चार भोकं असतात आणि त्याच गोळ्यावर पाणी नि अमोनियाही बसवले जातात. त्यामुळे पाण्याच्या बंधांमधला १०४.५° आणि मिथेनमधला १०९.५° या कोनांतला फरक, म्हणजे खरा मुद्दाच, दिसत नाही. इथे प्रत्येक रेणूला स्वतःचा गोळा आहे आणि भोकं मोजलेल्या कोनांवर आहेत.

३ जून: मोजणीचा तक्ता

लाकडाला हात लावण्याआधी कागद. मधल्या अणूचे बाह्यतम कवचातले इलेक्ट्रॉन घ्या. एकेरी बंधाने लागलेल्या प्रत्येक अणूमागे १ मिळवा, दुहेरी बंधाने लागलेल्या ऑक्सिजनमागे ०. ऋण प्रभार असेल तर मिळवा, धन असेल तर वजा करा. बेरजेला २ ने भागलं की जोड्या मिळतात. त्यातून भोवतालचे अणू वजा केले की उरतात त्या लोन पेअर, म्हणजे बंधात न गुंतलेल्या जोड्या.

झेनॉन टेट्राफ्लोराइड: ८ + ४ = १२, जोड्या ६, अणू ४, लोन पेअर २. सल्फर डायऑक्साइड: ६ + ० = ६, जोड्या ३, अणू २, लोन पेअर १. आयनांनाही हाच हिशेब चालतो. नायट्राइट (एक नायट्रोजन, दोन ऑक्सिजन, एक ऋण प्रभार; दोन्ही ऑक्सिजनमागे ०): ५ + १ = ६, जोड्या ३.

सर्वात जास्त घसरगुंडी झेनॉन टेट्राफ्लोराइडवर होते. चार फ्लोरिन दिसले की हात आपोआप चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचा आकार) लिहितो. म्हणून तक्त्यात «भोवतालचे अणू» हा रकाना शेवटी ठेवला आणि «एकूण जोड्या» आधी. आधी जोड्यांची मांडणी लिहायची, मग लोन पेअर झाकून आकाराचं नाव द्यायचं. रकान्यांचा क्रम उलटा असेल तर चुका वाढतात.

५ जून: फुगे

ही फक्त पहिल्या तासाची सोय, पण खर्च नगण्य आणि परिणाम चांगला. सगळे फुगे सारखे फुगवण्यासाठी पुठ्ठ्यात १५ सेंमी व्यासाचं भोक पाडून त्यातून प्रत्येक फुगा पास करायचा.

एका सुतळीला चारही फुगे बांधले तर ते केळीच्या घडासारखे एका बाजूला लोंबतात, आकार येत नाही. गाठी एकमेकींना चिकटून हव्यात. दोन फुग्यांच्या माना एकमेकींत बांधून जोडी करा, तशी दुसरी जोडी करा आणि दोन्ही जोड्या मध्यावर एकमेकींभोवती पिळा. सोडल्याबरोबर चतुष्फलक होतो. तीन जोड्या पिळल्या की अष्टफलक. पाचासाठी एक जोडी आणि एक तिकडी. मान २ सेंमीपेक्षा लांब राहिली तर फुगे एकमेकांना ढकलतच नाहीत, नुसते लटकतात.

लोन पेअर म्हणून वेगळ्या रंगाचा, थोडा मोठा फुगा घ्या. बाकीचे तीन जवळ सरकतात हे डोळ्यांना दिसतं. टेबलावर ठेवू नका, खालचा फुगा दबून कोन बिघडतो. दोऱ्याने टांगा. दुसऱ्या दिवशी हवा कमी झालेली असते, तेव्हा आदल्या दिवशी बांधून ठेवण्यात अर्थ नाही.

९ जून: गोळे कशाचे

थर्माकोल बाद. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे हा एक भाग, पण तांत्रिक कारणंही पुरेशी आहेत. काडी काही वेळा घातली-काढली की भोक रुंदावतं, स्प्रे रंगातला द्रावक गोळा खातो, रबरी चिकटद्रव्यही तेच करतं. शाडूचे गोळे वाळताना तडकले. जे टिकले त्यांना भोक पाडताना कडा उडाली.

शेवटी कातारीकडून आंब्याच्या लाकडाचे गोळे: मधल्या अणूसाठी ५० मिमी व्यासाचे २५, बाहेरच्यांसाठी ३० मिमीचे ७०. लागणार आहेत २१ आणि ६४, बाकी वाया जाण्यासाठी. दर अनुक्रमे २२ आणि १२ रुपये, एकूण १,३९० रुपये.

बंधासाठी सायकलचे १४ गेजचे स्पोक, २ मिमी जाडीचे. बांबूच्या काड्या स्वस्त असतात, पण त्यांची जाडी काडीगणिक बदलते.

१४ जून: गोळे आले, मापं

सगळे गोळे ५० मिमीचे नाहीत. ४९ ते ५१.५ पर्यंत फरक आहे आणि काही अंडाकृती आहेत. तीन दिशांनी घेर मोजला. फरक दीड मिलिमीटरच्या वर गेला तो गोळा बाजूला काढला.

कोन गोळ्यावर आणायचा तर कोनमापक उपयोगाचा नाही. कागदाची अरुंद पट्टी गोळ्याभोवती गुंडाळून पूर्ण घेर कापून घ्या. मग अंतर = घेर × कोन ÷ ३६०. प्रत्येक गोळ्याची पट्टी वेगळी, म्हणजे व्यासातला फरक आपोआप निघून जातो. ५० मिमी गोळ्याचा घेर १५७ मिमी:

१८०° : ७८.५ मिमी
१२०° : ५२.४
११२.१° : ४८.९
१०९.५° : ४७.८
१०४.५° : ४५.६
९०° : ३९.३

एक मिलिमीटर म्हणजे २.३°. मिथेन आणि पाणी यांत फरक फक्त २.२ मिमीचा. खूण जाड पेन्सिलीने केली तर तो फरक पेन्सिलीतच संपतो. म्हणून टोच्याने बारीक टिंब. ४० मिमीच्या गोळ्यावर हे काम करू नये, तिथे हाच फरक पावणेदोन मिलिमीटरवर येतो.

१६ जून: हाताने पाडलेली भोकं फुकट

पाण्याचा पहिला गोळा हातातल्या ड्रिलने केला. खुणा बरोबर होत्या. काड्या घालून दोन हायड्रोजनच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजलं तर ७५.९ मिमीऐवजी (प्रमाण १७ जूनच्या नोंदीत) ७९ आलं, म्हणजे कोन जवळजवळ १११°. खूण पृष्ठभागावर असते. भोक केंद्राकडे गेलं नाही तर काडी भलतीकडे बघते.

उपाय असा. ड्रिल स्टँडखाली फळी घट्ट बसवायची आणि फळीत २ मिमीचं भोक पाडायचं. बिट जागचा हलवायचा नाही. त्या भोकाभोवती कंपासने वर्तुळ काढून त्यावर ३२ मिमीच्या पीव्हीसी पाइपचा १५ मिमी उंचीचा तुकडा चिकटवायचा. आता गोळा या कड्यात कसाही ठेवला तरी त्याचं केंद्र बिटच्या बरोबर खाली येतं. खूण बिटच्या टोकाखाली आणली की भोक केंद्राकडेच जातं. पाइपची वरची कड पॉलिश पेपरवर घासून सपाट करा, नाहीतर गोळा डुलतो.

खोली १५ मिमी. बिटला इन्सुलेशन टेप गुंडाळून खूण केली होती, ती गरम होऊन घसरली आणि दोन भोकं आरपार केंद्रापर्यंत गेली. मग बॉलपेनच्या रिफिलची नळी कापून बिटवर चढवली, ती सरकत नाही. खोली महत्त्वाची आहे, कारण सगळी भोकं केंद्रात मिळाली तर एकही काडी घट्ट बसत नाही. १५ मिमीवर ९०° ची शेजारची भोकंही एकमेकांपासून १४ मिमी लांब राहतात.

बाहेरच्या ३० मिमी गोळ्यांना एकच भोक, १० मिमी खोल.

१७ जून: काड्यांची लांबी

प्रमाण: १०० पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग) = ५० मिमी, केंद्रापासून केंद्रापर्यंत. भोकांची खोली ठरलेली असल्यामुळे काडी = बंधाची लांबी (मिमीत) − १५. पाण्याचा बंध ९६ पिकोमीटर, म्हणजे ४८ − १५ = ३३ मिमी. मिथेन १०९ पिकोमीटर, ३९.५ मिमी. सल्फर हेक्साफ्लोराइड १५६ पिकोमीटर, ६३ मिमी.

स्पोक कापल्यावर टोकाला धार उरते. कानस मारल्याशिवाय काडी घातली तर ती भोक कुरतडते आणि पुढच्या वेळी सैल बसते. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नये.

१९ जून: चार जोड्यांची मंडळी

मिथेन: एक खूण ध्रुवावर. विषुववृत्तावर तीन समान भाग, प्रत्येकी ५२.४ मिमी. ध्रुवापासून त्या प्रत्येक बिंदूवरून खाली जाणाऱ्या रेषेवर ४७.८ मिमी. शेवटी खालच्या तीन खुणांमधली अंतरंही ४७.८ येतात का ते बघा. ही तपासणी फुकट आहे आणि पुढचा गोळा वाचवते.

अमोनिया: मोजलेला कोन १०६.७°, पण हा हायड्रोजन-हायड्रोजनमधला. खुणा करायच्या तर ध्रुवावरच्या लोन पेअरपासूनचा कोन लागतो. तो ११२.१° येतो, म्हणजे ४८.९ मिमी. थेट १०६.७ ची पट्टी ध्रुवापासून लावली तर हायड्रोजन लोन पेअरच्या जवळ जातात आणि आपसातला कोन वाढतो. सिद्धांताच्या नेमकं उलटं मॉडेल तयार होतं.

पाणी: एका मोठ्या वर्तुळावर दोन हायड्रोजन, ४५.६ मिमी अंतरावर. त्याला काटकोनात जाणाऱ्या दुसऱ्या वर्तुळावर, विरुद्ध बाजूला, दोन लोन पेअर. मोजमापांतून अणूंची जागा मिळते, लोन पेअरची नाही. तिथे ११५° अंदाजाने धरलं आणि लेबलवर तसं लिहिलं.

नव्या गोळ्यावर हायड्रोजनमधलं अंतर ७६ मिमी. जमलं.

२३ जून: अंदाज कुठे थांबतो

इथे तक्ता आणि प्रत्यक्ष यांची गाठ पडली. फॉस्फीन (एक फॉस्फरस, तीन हायड्रोजन) आणि हायड्रोजन सल्फाइड यांच्यासाठी तक्ता अमोनिया आणि पाण्यासारखंच उत्तर देतो: त्रिकोणी पिरॅमिड आणि वाकडा. आकार बरोबर. कोन मात्र ९३.५° आणि ९२.१°. नुसता «१०९.५ पेक्षा थोडा कमी» म्हणून १०५ वर भोक पाडलं असतं तर गोळा खोटा झाला असता.

हा नियम कोन कमी होणार की वाढणार हे सांगतो, किती ते सांगत नाही. किती ते मोजून घ्यायचं. फॉस्फरस आणि सल्फर मोठे, हायड्रोजनशी असलेल्या बंधजोड्या केंद्रापासून लांब. त्यांची आपसातली ढकलाढकल कमी पडते आणि लोन पेअर ऐसपैस बसते.

नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा कोन सुमारे १०२°, अमोनियापेक्षा कमी. फ्लोरिन बंधजोड्या स्वतःकडे ओढतो, नायट्रोजनजवळ गर्दी कमी, म्हणून त्या आणखी जवळ येऊ शकतात. अमोनिया, नायट्रोजन ट्रायफ्लोराइड आणि फॉस्फीन हे तीन गोळे नेहमी शेजारीशेजारी ठेवावेत. एकेकटे दाखवले तर तिघेही सारखेच वाटतात. लोन पेअरपासूनचे कोन: ११२.१, ११५.९ आणि १२२.८.

२७ जून: पाच जोड्या

सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात मजेदार टप्पा. फॉस्फरस पेंटाक्लोराइड सोपा: दोन ध्रुव आणि कमरेवर, म्हणजे विषुववृत्तावर, तीन समान भाग. फक्त काड्या दोन मापांच्या. उभे (ध्रुवांवरचे) बंध २१४ पिकोमीटर, कमरेचे २०२. म्हणजे ९२ आणि ८६ मिमी. सहा मिलिमीटरचा फरक डब्यात कुणाला ओळखू येत नाही, म्हणून लांब काड्यांच्या टोकाला लाल रंगाचं कडं केलं. लेबलवर «वायुरूप» असं लिहिलं, कारण घनरूपात हा पदार्थ चार आणि सहा क्लोरीनच्या आयनांत विभागलेला असतो.

लोन पेअर कुठे बसणार हा खरा प्रश्न. शेजारी मोजायचे, फक्त ९०° वरचे. उभ्या जागेला असे तीन शेजारी, कमरेच्या जागेला दोनच. लोन पेअरला जागा जास्त लागते, म्हणून ती कमरेवर. क्लोरीन ट्रायफ्लोराइडमध्ये दोन लोन पेअर आहेत. दोन्ही उभ्या ठेवल्या तर ९०° वरच्या लोन पेअर–बंधजोडी टकरी ६, दोन्ही कमरेवर ठेवल्या तर ४. एक उभी आणि एक कमरेवर ठेवली तर दोन लोन पेअरच एकमेकींना ९०° वर भिडतात, ते सर्वात वाईट. तिन्ही मांडण्या फॉस्फरस पेंटाक्लोराइडच्या गोळ्यावर करून दाखवता येतात. वेगळे गोळे नकोत.

सल्फर टेट्राफ्लोराइडच्या खुणा: लोन पेअर ध्रुवावर. ध्रुवातून एकमेकांना काटकोनात दोन मोठी वर्तुळं. पहिल्यावर दोन्ही बाजूंना ५६.४ मिमी, हे कमरेचे फ्लोरिन, त्यांच्यातला कोन १०१.६°. दुसऱ्यावर दोन्ही बाजूंना ४०.८ मिमी, हे उभे फ्लोरिन, त्यांच्यातला कोन १७३°. काड्या ६७ (उभ्या) आणि ६२. वर्तुळं काटकोनात नसली तर सी-सॉसारखा हा आकार पिळलेला दिसतो. एक गोळा यातच गेला.

क्लोरीन ट्रायफ्लोराइड: तिन्ही फ्लोरिन एकाच वर्तुळावर, मधल्यापासून दोन्हीकडे ३८.२ मिमी (८७.५°). काड्या ७०, ७० आणि ६५. झेनॉन डायफ्लोराइड सरळ, फक्त कमरेवर तीन लोन पेअर.

१ जुलै: सहा जोड्या

अडचण नाही. सल्फर हेक्साफ्लोराइडला सहा भोकं ९०° वर. झेनॉन टेट्राफ्लोराइडला चार फ्लोरिन एका पातळीत, लोन पेअर समोरासमोर. ब्रोमीन पेंटाफ्लोराइडमध्ये तळाचे चार फ्लोरिन लोन पेअरपासून ढकलले जाऊन वर झुकतात, शिखराशी ८४.८°. खूण लोन पेअरपासून ४१.५ मिमी. ३९.३ वर पाडलं तर झुकाव नाहीसा.

झेनॉन हेक्साफ्लोराइड यादीतून काढला. सात जोड्या, आकार विकृत अष्टफलक आणि तोही हलता. स्थिर भोक पाडून तो खरा दाखवता येणार नाही.

४ जुलै: दुहेरी बंध आणि अर्धी जोडी

कार्बन डायऑक्साइडसाठी आधी समांतर दोन-दोन काड्या लावल्या होत्या. वर्गात लगेच चार दिशा मोजल्या गेल्या आणि उत्तर चतुष्फलक आलं. आता एकच काडी, तिच्यावर विजेच्या जाड वायरचं कव्हर चढवलेलं. दिशा एक, पण जागा जास्त, हे दोन्ही त्यातून दिसतं. फॉस्जीनमध्ये (एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन क्लोरीन) त्याचा परिणाम स्पष्ट आहे: दोन क्लोरीनमधला कोन १२०° ऐवजी १११.८°.

नायट्रोजनच्या तीन गोळ्यांवर जास्त वेळ दिला, तो वसूल झाला. नायट्रोनियम आयन, नायट्रोजन डायऑक्साइड, नायट्राइट: अणू तेच, मधला फरक एकेका इलेक्ट्रॉनचा. जोड्या २, अडीच, ३. कोन १८०°, १३४°, ११५°. एकट्या इलेक्ट्रॉनची ढकल पूर्ण जोडीपेक्षा कमी, म्हणून मधला १२० च्या वर राहतो आणि शेवटचा खाली जातो. तक्त्यात अडीच आलं की हिशेब चुकला असं वाटतं, चुकलेला नसतो. एकट्या इलेक्ट्रॉनसाठी २० मिमीचा मणी, त्यावर एकच ठिपका.

८ जुलै: लोन पेअर आणि रंग

लोन पेअरसाठी टेबल टेनिसचे चेंडू, १८ नग, २७० रुपये. मधल्या गोळ्याला टेकतील असे, म्हणजे जवळ आणि रुंद. चेंडूला तापल्या सुईने भोक पाडून स्पोकचा तुकडा घातला, पण कवच इतकं पातळ की चेंडू काडीवर फिरतो आणि आत घसरतो. आत शिरणाऱ्या जागी एम-सीलची गोळी दाबून भरली आणि रात्रभर ठेवली. प्रत्येक चेंडूवर दोन ठिपके. मधल्या गोळ्यात मात्र चिकटवायचा नाही. तो उपटून काढता आला पाहिजे, कारण आकाराचं नाव चेंडू काढल्यावर घ्यायचं असतं.

रंग नेहमीचे: हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, कार्बन काळा, सल्फर पिवळा, क्लोरीन हिरवा, फ्लोरिन पोपटी, फॉस्फरस नारिंगी. आधी रंगवलं तर खुणा जातात, नंतर रंगवलं तर भोकं बुजतात. भोकं पाडून त्यांत टूथपिक खोचा, टूथपिक धरूनच गोळा रंगवा आणि रंग अर्धवट वाळला की टूथपिक फिरवून ठेवा. पूर्ण वाळल्यावर काढली तर भोवतालचा पापुद्रा निघतो.

१५ जुलै: पावसात

हवा दमट झाल्यावर लाकूड फुगलं. काही भोकांत काडी जाईना, जोर लावला तर बाहेरचा गोळा फुटतो. बिट चिमटीत धरून हातानेच दोनदा फिरवला की पुरतं. मशीन लावू नका, उन्हाळ्यात तीच भोकं सैल होतील. सैल पडलेल्या काडीला मेण पुसलं की धरते.

कोनांची फेरतपासणी केंद्रांमधल्या अंतरावरून केली: मिथेन ८९, अमोनिया ८१, पाणी ७६, हायड्रोजन सल्फाइड ९६.५, सल्फर हेक्साफ्लोराइड (शेजारचे दोन) ११० मिमी. दीड मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घेतला. ब्रोमीन पेंटाफ्लोराइडचा एक तळचा फ्लोरिन तीन मिलिमीटरने चुकतोय, तो गोळा शिल्लक गोळ्यांतून पुन्हा करायचा आहे.

खर्च: गोळे १,३९०, चेंडू २७०, स्पोक १००, रंग आणि ब्रश ३४०, एम-सील, पाइप आणि किरकोळ १२०. एकूण २,२२० रुपये. ड्रिल आणि स्टँड कार्यशाळेतले, त्यांचे पैसे धरलेले नाहीत. काड्यांच्या लांबीचा तक्ता डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. बेरिलियम क्लोराइडच्या लेबलवर «फक्त वायुरूपात, उच्च तापमानाला» हे शब्द अजून लिहायचे आहेत, कारण बाटलीतल्या घन पदार्थात सरळ सुटे रेणू नसतात, साखळ्या असतात.